चित्रास चालविणारे हात : फिल्म्स डिव्हिजनच्या बालचित्रशाळेचा इतिहास

चित्राने जागेवरून हलावे, चालावे, बोलावे, ही इच्छा माणसाच्या मनात यंत्रयुगाच्या फार पूर्वीपासून वसत आलेली आहे. आमच्या कोकणपट्टीत तर या इच्छेने एक रीतसर विद्याच निर्माण केली. कुडाळाजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या घेऊन देवळांतून कथा सांगत आले. पोथी म्हणजे सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांचा अनुक्रमाने लावलेला संच. एकेक चित्र उचलून धरावयाचे, वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गावयाची आणि कथा पुढे सरकली की चित्र पालटावयाचे. याच समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही जतन केला आहे. तेथे दिव्यापुढे धरलेली रामाची व रावणाची आकृती पांढऱ्या पडद्यावर खरोखरच हालते, धनुष्य उचलते आणि धारातीर्थी पडते. गोमंतकातील देवळांच्या भिंतींवर काव कलेने रेखिलेल्या आकृती जागच्या जागी स्थिर असल्या, तरी पाहणारा त्यांच्यापुढून चालत जातो आणि चालता चालता कथा त्याच्यापुढे उलगडत जाते. चित्र चालले काय किंवा पाहणारा चालला काय, फळ एकच.

हे सर्व आरंभी सांगण्याचे कारण असे की, चालत्या चित्रांचा चित्रपट, ज्यास इंग्रजीत अॅनिमेशन व आमच्याकडे व्यंगपट किंवा सचेतनपट म्हणतात, ही केवळ परदेशातून आलेली करमणूक आहे, असा समज आमच्या समाजात दृढ झालेला आहे. यंत्र परदेशातून आले हे खरे. पण ते ज्या हातांनी स्वीकारले ते हात चित्रांतून कथा सांगण्यास सरावलेले होते. स्वतंत्र भारतात मुलांसाठी अशी चित्रे काढण्याची जी पहिली मोठी शाळा उभी राहिली, त्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. तोच इतिहास आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

आगकाड्यांची मौज

या इतिहासाची प्रस्तावना दादासाहेब फाळके यांच्या हातून लिहिली गेली. त्र्यंबकेश्वरी शास्त्र्याच्या घरात १८७० साली जन्मलेल्या या पुरुषाने चित्रकला व छायाचित्रण यांचे पाठ बडोद्याच्या कलाभवनात घेतले होते, ही गोष्ट बडोदेकर मराठी मंडळींस भूषणावह आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला. त्यापूर्वी, चित्रपटाचा धंदा म्हणजे वेडेपणा नव्हे हे पैसे देणाऱ्यांस पटविण्यासाठी फाळक्यांनी एक लहानसा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरावयाचा, त्याच्या वाढीची छायाचित्रे रोज थोडी थोडी घ्यावयाची आणि ती सलग दाखवावयाची. पडद्यावर पाहता पाहता अंकुर फुटला, वाढला आणि वेल झाला. डोळ्यांस न दिसणारी काळाची गती डोळ्यांपुढे आणून दाखविणे, हेच पुढे चित्रांस चालविण्याच्या कलेचे मूळ सूत्र ठरले.

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असता व भांडवल आटलेले असता, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. आगपेटीतील काड्या थोड्या थोड्या सरकवून दर वेळी एकेक चित्र टिपावयाचे, आणि मग त्या काड्या पडद्यावर आपल्या आपण नाचू लागावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. परंतु दुर्मिळ साहित्यावाचून, घरातील आगपेटीच्या भांडवलावर, लहान मुलासही उमजेल असे कौतुक निर्माण करण्याची ती बुद्धी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बोलपट आल्यावर १९३४ च्या सुमारास पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबुकाका' हा छोटा व्यंगपट काढला. कलकत्त्यासही त्याच सुमारास असे प्रयत्न झाले. तथापि हे सारे एकेकट्या हौशी कलावंतांचे उद्योग होते. एक चित्रपट निघे, लोक हसत, खर्चाचा मेळ बसत नसे आणि कलावंत दुसऱ्या कामास लागे. विद्या टिकावयाची तर तिला घर हवे, गुरू हवा आणि दरमहा वेतन देणारा आश्रयदाता हवा. हे तिन्ही एकत्र येण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले.

शाळेची स्थापना

१९४८ साली भारत सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाखाली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना मुंबईस झाली. बातमीपट व अनुबोधपट तयार करून ते देशभरच्या चित्रपटगृहांस पुरविणे हे तिचे मुख्य काम. मुख्य खेळापूर्वी हे लघुपट दाखविण्याचे बंधन चित्रगृहाच्या परवान्यातच असे, त्यामुळे गावोगावचा प्रेक्षक तिला आयताच मिळाला. गोव्यात मात्र १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगीज सत्ता असल्याने हा नियम लागू नव्हता. बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील मराठी मुले जे लघुपट पाहत होती, त्यांचा लाभ गोमंतकीय मुलांस मुक्तीनंतरच होऊ शकला.

या संस्थेत १९५६ साली चित्रांच्या चित्रपटांसाठी वेगळी शाखा निघाली, तीच कार्टून फिल्म युनिट. तिच्या कलावंतांस शिकविण्यास अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ आले. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत 'बॅम्बी', 'पीटर पॅन' यांसारख्या चित्रपटांवर त्यांनी काम केले होते. ते एका मिशनऱ्याचे पुत्र असून त्यांचा जन्म भारतातच झाला होता, म्हणजे ते परक्या देशात आले नव्हते, जन्मभूमीस परतले होते. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी शिकली, त्यांत मद्रास विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा एक पदवीधर होता. पुढील शिक्षणासाठी मुंबईस आलेल्या या तरुणाने प्रयोगशाळा सोडून पेन्सिल हाती धरली. त्याचे नाव राम मोहन. भारतीय अॅनिमेशनचे पितामह म्हणून पुढे त्यांचाच गौरव झाला.

कामाची रीत

या शाळेत काम कसे चाले हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून त्या कलावंतांच्या चिकाटीची कल्पना येणार नाही. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदास २४ चित्रे सरकतात. सात मिनिटांचा लघुपट म्हटला तरी १०,०८० चित्रे झाली. एक रेखाटन दोन चित्रांपुरते स्थिर ठेविले तर पाच हजारांवर रेखाटने उरतात, आणि पडद्यावर एकाहून अधिक पात्रे हालत असतील तर हा आकडा पुन्हा वाढत जातो.

प्रथम कथेतील प्रसंगांची लहान लहान चित्रे काढून ती भिंतीवर क्रमाने टाचीत. पिंगुळीच्या पोथीशी या पद्धतीचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. नंतर ध्वनी मुद्रित करून कोणता शब्द कितव्या चित्रावर पडतो याचा तक्ता करीत. मुख्य कलावंत हालचालीच्या आरंभाचे व अंताचे चित्र काढी. मधली चित्रे त्याचे साहाय्यक भरून काढीत. हरणाने उडी मारावयाची तर पाय जमिनीवरून सुटण्याचा क्षण व पुन्हा टेकण्याचा क्षण गुरूने काढावयाचा आणि मधील आकाशातील प्रवास शिष्याने. पेन्सिलीची ही रेखाटने मग पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर शाईने उतरवीत आणि रंग त्याच्या पाठीमागील बाजूने भरीत, म्हणजे पुढील रेषा स्वच्छ राही. शेवटी रंगविलेल्या पार्श्वभूमीवर एकेक पत्रा ठेवून, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपावयाचे. दिवसभर राबून दोनचार सेकंदांचे काम हाती आले तर दिवस सार्थकी लागला.

अशा कामात नाव कोणाचे व्हावयाचे? मधली चित्रे भरणारे, रेषा उतरविणारे, रंग लावणारे हात बहुधा अनामिकच राहिले. आमच्या देवळांतील खांब कोरणाऱ्या कारागिरांचीही हीच कथा आहे. मूर्तीपुढे आम्ही हात जोडतो. ती घडविणाऱ्याचे नाव आम्हांस ठाऊक नसते.

न्यग्रोध मृगाची कथा

शाळेतून १९५७ साली बाहेर पडलेले पहिले मोठे फळ म्हणजे 'द बनियन डिअर' हा रंगीत लघुपट. जातककथांतील न्यग्रोध मृगाची कथा त्यासाठी निवडली होती. काशीच्या राजास मृगयेचा नाद. त्याच्या उपवनात हरणांचे दोन कळप कोंडलेले. रोजच्या शिकारीत अनेक हरणे विनाकारण घायाळ होतात हे पाहून हरणांनीच ठरविले की, रोज चिठ्ठी टाकून एकेकाने राजाच्या पाकशाळेत आपण होऊन जावे. एके दिवशी चिठ्ठी एका गर्भवती हरिणीच्या नावे निघाली. तिच्या कळपाच्या नायकाने तिची विनवणी ऐकली नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा नायक न्यग्रोध, म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व, तिच्या ऐवजी स्वतः वधस्थानी जाऊन उभा राहिला. राजा ते पाहून विरघळला आणि त्याने प्रथम त्या दोघांस, मग साऱ्या हरणांस आणि अखेरीस सर्व प्राणिमात्रांस अभय दिले.

परदेशी गुरूकडून परदेशी तंत्र शिकावयाचे, पण पहिली मोठी कथा सांगावयाची ती मात्र या भूमीतील, या निवडीस आम्ही फार महत्त्व देतो. डिस्नेच्या चित्रशाळेत हरणाच्या पाडसावर काम केलेले वीक्स भारतात आले आणि त्यांच्या शिष्यांनी हरीणच काढले. पण ते हरीण करुणेचा उपदेश करणारे निघाले. तंत्र उसने घेता येते. कथा उसनी घेतली तर मूल तिच्यात पाहुण्यासारखे वावरते.

त्याच दशकाच्या अखेरीस फिल्म्स डिव्हिजनचे जहांगीर भावनगरी यांनी 'राधा अँड कृष्ण' हा लघुपट केला. यात नवी चित्रे काढून हालविलेली नव्हती. जुन्या लघुचित्रांवरूनच कॅमेरा संथपणे फिरविलेला आहे. कधी तो कदंबाखालच्या मुरलीधरावर थांबतो, कधी गोपींच्या नजरांमागून जातो. चित्र स्थिर आणि डोळा चल, ही देवळाच्या भिंतींची रीत येथे यंत्राने पुन्हा अंगीकारली. प्रमोद पती या कलावंताने प्राग शहरी यिरी त्रन्का या विख्यात बाहुलीपटकाराच्या शाळेत शिक्षण घेऊन येऊन या शाखेत निराळ्या धाटणीचे प्रयोग केले. १९७५ साली ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले.

येथे एक उणीवही नमूद केली पाहिजे. सरकारी संस्थेस सरकारचे काम आधी करावे लागे. कुटुंबनियोजन, बचत, आरोग्य, या विषयांवरील प्रचारपटांनी कलावंतांचे पुष्कळसे श्रम घेतले. मुलांच्या कथा त्यातून उरलेल्या वेळात व्हावयाच्या. ज्या देशात पंचतंत्र, हितोपदेश, जातके व पुराणे यांचे भांडार भरलेले, त्या देशाच्या एकमेव मोठ्या चित्रशाळेने मुलांस द्यावयाचे ते हात आखडून दिले, असे म्हणणे भाग आहे. दोष कलावंतांचा नव्हता. मुलांच्या करमणुकीस प्रौढांनी दुय्यम लेखावे ही आमच्या समाजाचीच सवय त्यात प्रतिबिंबित झाली.

एक, अनेक

या मर्यादेतही १९७४ साली एक असे लेणे घडले की, ज्याने साऱ्या देशातील मुलांच्या एका पिढीच्या मनात घर केले. 'एक अनेक और एकता' हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट. शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राकडे असलेल्या विजया मुळे यांनी तो फिल्म्स डिव्हिजनच्या साहाय्याने सिद्ध केला. विजयाबाईंचा जन्म मुंबईचा, १९२१ सालचा. चित्रकाम भीमसेन यांचे. हे १९६१ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगविणारे कलावंत म्हणून आले होते व पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली. गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे, जे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील गायक. संगीत वसंत देसाई यांचे, म्हणजे सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावचे सुपुत्र. आणि मुलीचा जो निर्मळ आवाज त्यात ऐकू येतो तो बालवयातील साधना सरगम यांचा. एवढ्याशा लघुपटात मराठी मुलखाचे इतके धागे गुंफलेले आहेत याची जाणीव, तो पाहून मोठ्या झालेल्यांपैकी थोड्यांनाच असेल.

कथा अगदी साधी आहे. लहान भावंडे आपल्या ताईस विचारतात, एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय. ताई एक गोष्ट सांगते. दाणे टिपावयास उतरलेले पक्षी पारध्याच्या जाळ्यात सापडतात. एकेकट्याने धडपडून सुटका होत नाही, तेव्हा सर्व मिळून जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेले उंदीर जाळे कुरतडून त्यांस मोकळे करतात. ही कथा कोठली हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पंचतंत्रातील चित्रग्रीव कपोतराजाची व हिरण्यक उंदराची ती कथा, आमच्या पाठशाळांतून शतकानुशतके सांगितली गेलेली. नीतीचा ग्रंथ मुलांस न वाचविता, त्यातील एकच प्रसंग रेषेत, रंगात व सुरात बसविला, आणि ऐक्याचा धडा व्याख्यानावाचून मनात उतरला. या लघुपटास शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनवरून तो वारंवार दाखविला गेला, आणि ज्या घरांत हिंदी बोलली जात नव्हती त्या घरांतील मुलेही ते गाणे गुणगुणू लागली. वसंत देसाई १९७५ साली गेले, विजयाबाई व राम मोहन हे दोघेही २०१९ साली निवर्तले. गाणे मात्र अजून लोकांच्या ओठांवर आहे.

देव आणि व्यंगचित्र

आता या इतिहासातील अशा प्रकरणाकडे वळू, की ज्याचा आमच्या देवस्थान-समाजाशी अगदी निकटचा संबंध आहे. राम मोहन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिल्म्स डिव्हिजन सोडून बाहेर पडले आणि १९७२ साली त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. अशा वेळी, १९८३ मध्ये, युगो साको नावाचे एक जपानी अनुबोधपटकार भारतात आले होते. प्रयागच्या परिसरात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी केलेल्या उत्खननावर ते चित्रपट करीत होते. ते करता करता रामकथेने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि तिचा पूर्ण लांबीचा सचेतनपट करण्याचा त्यांनी निश्चय केला.

त्यास प्रारंभीच विरोध झाला. साको यांच्या कामाविषयीच्या एका बातमीवरून गैरसमज होऊन, परकीयाने आमच्या राष्ट्रीय ठेव्यावर हात टाकू नये, असे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी वकिलातीकडे धाडले. साको यांनी आपली भूमिका समजावून दिल्यावर तो गैरसमज दूर झाला. त्यांचे म्हणणे असे होते की, देवाची भूमिका मनुष्य-नटाने करण्यापेक्षा चित्राने करणे अधिक योग्य. नटास त्याचे ऐहिक आयुष्य चिकटलेले असते, चित्रास ते नसते. पुढे सरकारनेही संयुक्त निर्मितीतून अंग काढून घेतले. रामायण हा नाजूक विषय आहे, तो कार्टूनमधून दाखविता येणार नाही, असे कारण देण्यात आले. तेव्हा चित्रपटाचे मुख्य काम जपानमध्येच करावे लागले.

आमच्या मते या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक शब्द होता. व्यंगचित्र म्हणजे व्यंग दाखविणारे चित्र, कोणाची तरी टर उडविणारे चित्र, असा अर्थ आम्ही मनात धरला, आणि रामाचे व्यंगचित्र ही कल्पनाच असह्य झाली. परंतु ज्या समाजाने रामास चामड्याच्या बाहुलीत, कागदाच्या पोथीत, कावेच्या भिंतीत आणि काल्याच्या रंगभूमीवर पाहिले, त्याने सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पाहण्यास का कचरावे? प्रश्न माध्यमाचा कधीच नव्हता. काढणाऱ्या हातास विषयाची ओळख आहे की नाही आणि त्याच्या मनात आदर आहे की नाही, एवढाच तो होता.

आणि नेमकी येथेच मुंबईची शाळा कामास आली. साको व कोइची सासाकी यांच्यासमवेत राम मोहन हेही त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते. जपानी चित्रकारांचा हात कसलेला. पण धोतर कसे नेसतात, त्याच्या निऱ्या चालताना कशा हालतात, मुले वडीलधाऱ्यांच्या पायां कशी पडतात व वडील आशीर्वाद कसा देतात, हे त्यांना कोठून ठाऊक असणार? ते भारतीय कलावंतांनी शिकविले. सुमारे साडेचारशे चित्रकारांनी जवळजवळ एक लाख पत्रे हाताने रंगविले. संगीत वनराज भाटिया यांनी दिले, संस्कृत गीते वसंत देव यांनी रचिली. 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम' हा सव्वादोन तासांचा चित्रपट १९९२ साली पुरा झाला आणि १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला.

परंतु काळ प्रतिकूल होता. १९९२ च्या डिसेंबरातील अयोध्येच्या घटनेनंतर देशातील वातावरण क्षुब्ध होते आणि चित्रपटगृहांतून त्याचा म्हणावा तसा प्रसार झाला नाही. तरी दूरचित्रवाणीवरून मुलांनी तो पाहिला आणि ती मुले त्यास विसरली नाहीत. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा व रावणाचा अमरीश पुरी यांचा. साको २०१२ साली वारले. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट नव्याने उजळून भारतातील चित्रगृहांत पुन्हा आला, तेव्हा एके काळची ती मुले स्वतःच्या मुलांस घेऊन जावयास निघाली. ज्या कृतीस एकदा नाजूक विषय म्हणून दूर सारले, तिचे स्वागत करण्यास आम्हांस तीन तपांच्या आसपास काळ लागला.

शाळेच्या पारंब्या

राम मोहन यांचे आणखी एक काम सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींच्या शिक्षणासाठी व आरोग्यासाठी एक चित्रमालिका काढण्याचे ठरविले. तिची नायिका 'मीना' ही नऊ वर्षांची मुलगी राम मोहन यांच्या रेषेतून उतरली; सोबत राजू हा भाऊ व मिठू हा पोपट. बांगलादेश, भारत, नेपाळ व पाकिस्तान या चारही देशांतील खेडुतांस ती आपलीच वाटली पाहिजे, अशी अट होती. त्यासाठी अनेक रेखाटने लोकांस दाखवून, कोणत्याही एका देशाचा न वाटणारा लांब झग्याचा वेश ठरविला. शाळेत जावयास न मिळणारी मुलगी खिडकीबाहेरून पाठ ऐकण्यास पोपटास पाठविते, ही कल्पना ज्यास सुचली त्यास मुलांचे मन कळले होते, यात शंका नाही.

फिल्म्स डिव्हिजनमध्येच वाढलेले व्ही. जी. सामंत यांनी २००५ साली 'हनुमान' हा पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतात तयार झालेल्या अशा सचेतनपटास चित्रगृहांतून इतका मोठा बालप्रेक्षक त्यापूर्वी मिळाला नव्हता. त्यानंतर संगणकाचे युग आले. हैदराबादेत २००१ साली राजीव चिलका यांनी स्थापिलेल्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या संस्थेने प्रथम विक्रम-वेताळ व कृष्ण यांच्या कथा घेतल्या आणि २००८ पासून 'छोटा भीम' घरोघर पोहोचविला. महाभारतातील भीमाशी त्याचे नाते नावापुरते व बळापुरतेच आहे. पण परदेशी पात्रांच्या गर्दीत धोतर नेसलेला, लाडू खाऊन बळ मिळविणारा मुलगा मुलांनी उचलून धरला. त्यावरून मागणी होती, पुरवठाच नव्हता, हे सिद्ध झाले.

आज कर्तव्य काय?

मूळ शाळेचे पुढे काय झाले? २०२२ च्या मार्चात फिल्म्स डिव्हिजन ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. मुलांचे चित्रपट काढण्यासाठी १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीचीही तीच गत झाली. पेडर रोडवरील तिच्या आवारात २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मात्र उभे राहिले आहे.

संस्था उभ्या राहतात व मावळतात. त्याचा शोक किती करावा? आमची चिंता निराळी आहे. 'आगकाड्यांची मौज' आम्ही गमावली. शंभर वर्षांनंतर 'द बनियन डिअर'विषयीही असेच लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये. चित्रपटाची पट्टी उष्णतेने व दमटपणाने नासते. ती थंड जागी जपणे आणि तिची नवी प्रत काढून लोकांपुढे वारंवार आणणे, हेच तिचे खरे रक्षण. न पाहिलेल्या चित्राची काळजी कोणी घेत नाही.

येथे आमच्या देवस्थानांस व त्यांच्या समाजांस करता येण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक मोठ्या देवळाच्या आवारात सभागृह आहे. जत्रा, सप्ताह व नवरात्र यांच्या निमित्ताने मुले आपण होऊन जमतात. त्यांच्यापुढे अर्धा घटका हे लघुपट मांडावेत. जातक व पंचतंत्र यांतील कथा चित्रांतून दाखवून, त्याच कथा आजीआजोबांनी मराठीत व कोंकणीत पुन्हा सांगाव्यात. पिंगुळीचे कलावंत अजून आपली विद्या चालवीत आहेत. त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्रीचा मान मिळाला. चित्रकथीचा खेळ व सचेतनपट एकाच मंडपात, एकाच दिवशी दाखविला तर मुलांस कोणी समजावून न सांगताही कळेल की, ही दोन्ही एकाच वंशाची लेकरे आहेत.

आणि एखाद्या मुलाने घरी जाऊन वहीच्या पानांच्या कोपऱ्यांत चालणारा माणूस काढला, पाने भराभर उलटून तो चालताना पाहिला, तर त्यास अभ्यास सोडून हे काय चालविले आहेस म्हणून रागावू नये. त्याला आणखी एक कोरी वही द्यावी.